एप्रिलातलं बाळंतपण आणि लेकीने पाठवलेली यादी

होणारी_आजी
नमस्कार मंडळी. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतेय. तारीख एप्रिलच्या मध्यातली, म्हणजे आपल्याकडचं ऊन ऐन भरात. घर बाळीवेशीत, जुनं, माळवदाचं. खालची मधली खोली त्यातल्या त्यात गार, म्हणून तीच बाळंतिणीची ठरवलीय.

तर पुण्याहून यादी आलीय: बेसिनेट (टोपलीसारखा छोटा पलंग), बेबी नेस्ट (कडेने मऊ लोड असलेली गादी), स्वॉडल (बाळ गुंडाळायचं कापड), व्हाइट नॉइज मशीन (सतत एकसुरी आवाज करणारं), विजेवर आपोआप हलणारा पाळणा, रॉकर (तिरकी डुलती खुर्ची), मोहरीची उशी, चोखणी. सगळं मिळून पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातंय. जावईबापू म्हणतात, आई तुम्ही फक्त पत्ता द्या, सामान येऊन पडेल. इकडे सासूबाई म्हणतात, तुळईला कडी आहे, ट्रंकेत माझं जुनं लुगडं आहे, झोळी बांधा की झालं. शिवाय बाळ हातात यायच्या आधी घरात काही आणायचं नाही, हा त्यांचा नियम वेगळाच.

मला दोघांचीही मनं सांभाळायचीत. पण त्याहून, यातलं खरोखर लागतं काय आणि अडगळ काय, हे कळायचंय. सोलापुरात उन्हाळ्यात बाळ वाढवलेल्यांनी जरूर लिहा.

शेंगाचटणी
काकू, त्या यादीत बाळाच्या बापाला झोपवायचं मशीन नाही का ओ? सापडलं तर दोन मागवा. आमचं लेकरू दीड महिन्याचं हाय. रात्री दोनला सुरू होतंय ते पहाटेपर्यंत रडायलंय. हलता झोपाळा आणला, त्यात त्याची दुपटी वाळत घालतोय आता. झोपतंय कुठं, तर माझ्या खांद्यावर. खाली ठेवलं की डोळे टक्क.

दोन_पिल्लं
@शेंगाचटणी, दीड महिना म्हणजे रडण्याचा कळस असतो. साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळं सर्वांत जास्त रडतात आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ते हळूहळू ओसरतं. दूध नीट पीत असेल, वजन वाढत असेल, ताप नसेल, तर यात तुमचंही काही चुकत नाही आणि झोपाळ्याचंही.

खांद्यावरून खाली ठेवण्याबद्दल एक सांगते, आमच्या घरी लागू पडलं. जपानमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हे तपासून छापलंय: रडणाऱ्या बाळाला छातीशी धरून ५ मिनिटं सलग चालायचं, मध्ये थांबायचं नाही, गर्रकन वळायचं नाही. झोप लागली की लगेच खाली ठेवायचं नाही. तसंच छातीशी धरून ५ ते ८ मिनिटं बसून राहायचं आणि मग ठेवायचं. छातीपासून सुटताना बाळ जागं होतं, म्हणून झोप थोडी मुरू द्यायची. फुकटचा उपाय आहे, करून बघा.

शेंगाचटणी
बसायचं व्हय! आम्ही झोपलं की पळत जाऊन ठेवतोय. आज बघतो.

नाईट_ड्युटी
मी नवजात बाळांच्या विभागात नर्स आहे. होणारी_आजी ताई, एकेक वस्तू तपासत बसण्यापेक्षा बाळ झोपणार कशावर, एवढं आधी ठरवा. अर्धी यादी तिथंच गळते.

जागा सपाट हवी, टणक हवी आणि तिच्यात बाळाशिवाय काही नको. दर वेळी पाठीवर झोपवायचं, दुपारच्या डुलकीलासुद्धा. कुशीवरही नको, कारण तिथून पालथं व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकेत १९९४ साली पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्यावर आलं. प्रत्येक आजी विचारते, दूध उलटलं तर घशात नाही का अडकणार? बाळ उताणं असताना श्वासाची नळी वर असते आणि अन्नाची खाली. उलटलेलं दूध वर चढून श्वासनळीत जायला धडपडावं लागतं, ते परत अन्ननळीतच उतरतं. पालथ्या बाळात हे नेमकं उलटं होतं.

गादी कापसाची चालेल, पण पिंजाऱ्याकडून नुकती पिंजून आणलेली फुगीर नको. पंजा दाबून उचला. खळगा तसाच राहिला तर ती बाळाची गादी नाही. बाळ खळग्यात रुतलं, तोंड बाजूला वळलं की नाक कापडात जातं, आणि त्या वयात मान उचलून सुटका करून घ्यायची ताकद नसते. याच कारणासाठी नेस्ट नको, चारी बाजूंनी लावायच्या मऊ गाद्या नकोत, लोड नकोत, मऊ खेळणी नकोत. बारशाच्या भेटीत मच्छरदाणी जोडलेला जो गुबगुबीत संच येतो, त्यातली मच्छरदाणी तेवढी कामाची.

मोहरीची उशी: नको. कुठलीच उशी नको. जन्मताना डोकं लांबट झालेलं असतं, ते काही आठवड्यांत आपसूक आकार घेतं. एकाच बाजूने चपटं होऊ नये म्हणून आज बाळाचं डोकं खिडकीकडे, उद्या दाराकडे. बाळ आपोआप उजेडाकडे, माणसांकडे मान वळवतं, म्हणजे दाब आलटून पालटून पडतो. जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, थोडा थोडा वेळ पोटावर.

गुंडाळण्याबद्दल: हात छातीशी हलकेच, पण कमरेखाली ढिलं. बेडकासारखे पाय वर घेऊन बाहेर फाकवता आले पाहिजेत. "पाय वाकडे राहतील" म्हणून पाय सरळ ताणून करकचून बांधतात ना, खुब्याचा सांधा त्यानंच निसटायची भीती. बाळ कुशीवर वळायची खटपट करायला लागलं त्या दिवसापासून गुंडाळणं बंद. काहींचं हे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच सुरू होतं. वजन भरलेले स्वॉडल मिळतात, त्यांच्या वाटेलाच जाऊ नका.

खोली आईचीच, अंथरूण मात्र वेगळं, हाताच्या अंतरावर. निदान ६ महिने तरी.

जुनी_खोड
वाचून गंमत वाटली. आमच्या आईने आम्हा सगळ्या भावंडांना झोळीत वाढवलं. ना गादीची परीक्षा, ना खुब्याची. सगळे साठी-सत्तरीला पोचलोय. आता बाळ झोपवायलाही अमेरिकेची परवानगी!

नाईट_ड्युटी
काका, जे पोचले ते सांगायला आहेत. त्या काळी घराघरात एखादं बाळ "रात्री झोपलं ते उठलंच नाही" म्हणून जायचं, आणि त्यावर कुणी फार बोलत नसे.

झोळीत नेमकं काय होतं ते सांगते. कापडाला बाक येतो, म्हणून पाठीलाही बाक येतो, हनुवटी छातीला टेकते. नवजाताची श्वासनळी मऊ असते, ती तशीच मुडपते. बाळ रडत नाही, धडपडत नाही, गप्प होतं, आणि आपल्याला वाटतं छान लागली झोप. दुसरं, घरात तीन-चार-पाच वर्षांचं मोठं मूल असेल तर ते झोळीत बसून गोल गोल फिरतं. लुगड्याला पीळ बसून गळफास लागल्याच्या घटना आपल्या देशात नोंदलेल्या आहेत. आणि तुमच्या आईच्या वेळी झोळीशेजारी दिवसभर कुणी ना कुणी असायचं, आत्या, काकू, थोरली बहीण. आज दुपारी घरात बाळंतीण आणि तिची आई, दोघीच. त्यातली एक स्वयंपाकघरात.

जुनी_खोड
थोरली बहीण असायची हे खरं. माझ्या पाठच्याला तीच झोके द्यायची, शाळा बुडवून.

ह्यूस्टनकर
मूळचा सात रस्त्याचा, हल्ली टेक्सासात. "अमेरिकेची परवानगी" वरून लिहितो, कारण इथे आधी बाजारात आणून मग बंद केलेल्या वस्तू तिकडे अजून खपतायत. बाळाला तिरकं निजवणारे झोपाळे इथे घरोघरी होते. एका मोठ्या कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये असे जवळजवळ ४७ लाख झोपाळे परत मागवले, कारण त्यात बाळं दगावली होती. मग २०२२ मध्ये कायदाच झाला: झोपण्यासाठीची तिरकी साधनं आणि पाळण्याच्या कडेच्या गुबगुबीत पट्ट्या, दोन्हींवर बंदी. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा त्याच वर्षीचा सल्ला आहे की झोपायची जागा १० अंशांहून जास्त कललेली नको.

यादीतला रॉकर याच जातीचा. बाळ जागं असताना त्यात बसवून आईला आंघोळ उरकता येते, एवढाच त्याचा उपयोग. त्यात डुलकी लागली तर उचलून सपाट जागेवर. गाडीतल्या बेबी सीटचंही तेच. प्रवासात ती हवीच, बाळाला घेऊन पुण्याला अडीचशे किलोमीटर परत जायचं तर नक्कीच. पण घरी पोचल्यावर "झोपलंय, उठवू नका" म्हणून सीटसकट हॉलमध्ये आणून ठेवायचं नाही.

होणारी_आजी
सगळ्यांचे आभार. नाईट_ड्युटी ताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. खुब्याचं पटलं. झोळीचं ऐकून घेतलं, बोलल्या काही नाहीत. मग म्हणाल्या, "कडी वाया जाणार म्हणायची." आता बोला. त्या कडीवर माझ्या चार नणंदा-दिरांची बाळं झोके घेऊन गेलीत. लाकडी पाळणा टांगला तर? शेजारच्या घरातून मिळतोय, रंगवलेला, चिमणाळ्यासकट (वर टांगायच्या मणी-चिमण्या).

आणि हो, टोपडं आणि कुंचीचं काय? त्याशिवाय बाळ त्यांना उघडं वाटतं.

नाईट_ड्युटी
टांगता पाळणा चालेल, तळ सपाट फळीचा असेल तर. निवाडीचा किंवा कापडाचा असेल तर ती झोळीच झाली. फळीवर पातळ, टणक गादी, कडेने दोन बोटांहून जास्त फट नको. कठड्याच्या गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर अंग बाहेर सरकून डोकं अडकतं. जुन्या पाळण्यात एखादा गज हमखास निखळलेला असतो, नीट बघा. जुना रंग उडत असेल तर घासून काढून घ्या, जुन्या रंगात शिसं असू शकतं. चारी साखळ्या सारख्या लांबीच्या, पाळणा एका अंगाला कलता कामा नये. बाळ शांत झालं की झोके थांबवायचे. आणि ते वळायला, हातांवर उठायला लागलं की पाळणा उतरवायचा.

चिमणाळं हाताला लागणार नाही इतकं उंच बांधा, आणि मणी-चिमण्या ओढून बघा, सुटत असतील तर काढा. दोरा लोंबता नको.

टोपडं बारशाला, फोटोला, बाहेर नेताना घालावं. घरात झोपताना डोकं उघडं. बाळ अंगातली उष्णता मोठ्या प्रमाणात डोक्यातून टाकतं आणि अति उष्णता हा झोपेतला मोठा धोका आहे. हात-पाय गार लागतात म्हणून मोजे चढवू नका. मानेच्या मागे किंवा छातीला हात लावा. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी.

माळवदवाले
आमचंही घर माळवदाचं, शुक्रवार पेठेत. आजी, कडीआधी तुळई बघा. वाळवी लागलेली तुळई वरून साबूत दिसते. ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर नाद सोडा. सुतार बोलवा, आणि भरलेलं पोतं टांगून रात्रभर ठेवा. दुसरं असं की पाळण्याच्या झोक्याने माळवदाची माती झिरपते. दिसत नाही, पण सकाळी चादरीवर बोट फिरवलं तर भुरकट थर येतो. आमच्यात खाली कापडाचं छत ताणून बांधलंय, ते बांधाच. पाल पडण्याची भीतीही जाते.

कुमठा_नाका
उन्हाळ्याचं कुणी लिहिलंच नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि लाईट जायची ती दुपारीच जाते. माझा अनुभव: आपली हवा कोरडी, त्यामुळं कूलर चांगला चालतो. झोत बाळावर नको, भिंतीवर आपटून येऊ दे, खिडकी थोडी उघडी. एसी असेल तर २६-२७ वर ठेवा, थंडगार करायची गरज नाही. इन्व्हर्टरवर पंखा चालला पाहिजे, ही सोय आत्ताच करून ठेवा. विजेच्या पाळण्याच्या पैशात इन्व्हर्टरची बॅटरी येते, आणि लाईट गेल्यावर तो पाळणा तसाही एका जागी उभा.

डासांचं मात्र गंभीर आहे. उजनी धरण भरलेलं असो की रिकामं, आपल्या नळाला पाणी काही दिवसांआडच येणार. त्यामुळं घरोघरी बॅरल, हौद, पिंप भरलेले. डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो, कूलरच्या टाकीतही होतो, आणि चावतो दिवसा. म्हणून मच्छरदाणी दुपारीसुद्धा. कूलर आठवड्यातून एकदा रिकामा करून घासायचा, पिंपांना फडकं बांधायचं. कॉइल आणि धूर बाळाच्या खोलीत अजिबात नको. शेकशेगडीची धुरीही नको, हे आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

पाण्यावरून आठवलं: गादीच्या चादरी निदान अर्धा डझन ठेवा. पाणी येईपर्यंत पुरतील एवढ्या.

यंत्रमाग
पूर्व भागातला माणूस आहे, चादर-टॉवेलच्या धंद्यात हाडं घासली. पाहुणे बाळासाठी सोलापुरी चादर हमखास आणतात, छान वाटतं, पण ती बाळावर पांघरायची नाही. जेकार्डची चादर जड असते. आईला द्या. टेरी टॉवेल मात्र बाळाचे दोन लागतील, आंघोळीनंतर टिपायला. नवा टॉवेल पहिल्यांदा पाणी ओढत नाही, खळ असते. दोन-तीन धुण्यांनंतर ओढायला लागतो.

आता बाजारातलं "सॉफ्ट कॉटन". हातात घेतलं की सशासारखं गुळगुळीत लागतं ते बहुतेक पॉलिस्टर. त्यात वारा खेळत नाही आणि आपल्या उन्हाळ्यात बाळाला घामोळं येतं. ओळखायचं असेल तर कडेचा एक धागा ओढून काढा आणि चिमट्यात धरून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, राख बोटाने चुरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतं. दुकानदारासमोर करू नका, बाहेर येऊन करा. स्वॉडल म्हणून जे विकतात ते मलमलच असतं, बारीक जाळीचं. चाटी गल्लीत मीटरवर घ्या.

दोन_पिल्लं
व्हाइट नॉइज मशीनबद्दल. आवाजाने बाळ शांत होतं हे खरं, पण आवाज किती हे बघा. २०१४ मध्ये अशी १४ यंत्रं तपासली होती. पूर्ण आवाजावर, एका फुटावर, सगळ्यांचा आवाज ५० डेसिबलच्या वर गेला, आणि तीन तर ८५ च्याही वर. ५० ही रुग्णालयातल्या नवजात विभागासाठी सुचवलेली मर्यादा. लावायचंच असेल तर बाळापासून निदान सहा-सात फूट लांब, आवाज हळू, बाळ झोपल्यावर बंद. मी तर पैसे घातलेच नाहीत. कूलर घरघरत होता तेवढा पुरला, आणि शेजारच्यांचे यंत्रमाग.

चोखणी: स्तनपान नीट बसल्यावर झोपताना द्यायला हरकत नाही, झोपेतल्या धोक्याला ती उलट आळाच घालते असं दिसलंय. अट एवढीच, गळ्यात दोरीने अडकवायची नाही, झोपेत पडली तर परत कोंबायची नाही, आणि मधात तर बुडवायचीच नाही. वर्षाच्या आत मध नको, त्यातून बोट्युलिझमचा (जिवाणूच्या विषाने अंग लुळं पाडणाऱ्या आजाराचा) धोका असतो. मात्र पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात ती रोज उकळत बसायचा कंटाळा असेल तर घेऊच नका.

नाईट_ड्युटी
एक राहिलं. बाळ अडीच किलोपेक्षा कमी भरलं तर ही सगळी यादी बाजूला ठेवा आणि कांगारू पद्धत विचारा: बाळ फक्त लंगोट-टोपीत, आईच्या उघड्या छातीला उभं चिकटवून, वरून कापड. इथं टोपी चालते, ते प्रकरण वेगळं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इन्क्युबेटर (बाळाला ऊब देणाऱ्या पेट्या) कमी पडत होते म्हणून हे सुरू झालं, आणि आता जागतिक आरोग्य संघटना दिवसातून ८ तासांपासून जमेल तितकं, २४ तासांपर्यंत करायला सांगते. बाबांनी, आजीनेही करायचं असतं. सगळ्यात शांत झोपलेली बाळं मी तिथंच बघितलीत. करणारी व्यक्ती जागी हवी मात्र.

शेंगाचटणी
@दोन_पिल्लं, काल पाच मिनिटं चाललो, सात मिनिटं बसलो, ठेवलं. पावणेचारपर्यंत झोपलं! मग मीच उठून बघितलं श्वास चालू हाय का. बायको म्हणते आता तुम्हाला कोण झोपवणार.

होणारी_आजी
लेकीशी, जावयांशी बोलले. बेसिनेट, नेस्ट, रॉकर, विजेचा पाळणा, मशीन, उशी, सगळं बाद. जावई जरा हिरमुसले, त्यांना इन्व्हर्टरच्या बॅटरीवर वळवलंय. लेक चोखणीवर अडलीय, ते तिचं ती ठरवेल. सुतार गुरुवारी येतोय. सासूबाईंनी त्याला तुळई स्वतः दाखवायची आहे, आणि छताच्या कापडासाठी लुगडं द्यायला तयार झाल्या. "आधी काही आणायचं नाही" वर तोड अशी निघाली की पाळणा शेजारीच राहील, तिथेच दुरुस्त होईल, बाळ आलं की आमच्याकडे.

यंत्रमाग दादा, मलमल किती घेऊ? गुंडाळायचे सहा तुकडे हवेत.

यंत्रमाग
पन्हा बघून घ्या, ४४ इंची मिळालं तर सव्वा मीटरचा एक तुकडा, म्हणजे सहाला साडेसात मीटर. आठ घ्या. पण आल्या आल्या कापू नका. अख्खं कापड रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, मलमल आटतं. मग कापा, आणि कडा हाताने बारीक दुमडून शिवा. शिलाई मशीनची ओव्हरलॉक कड बाळाच्या मानेला टोचते, आणि सुटा धागा बोटाला गुंडाळतो.